ताप भरलाय आणि हजेरीही भरायची आहे

या वेळच्या टपालातली बहुतेक पत्रं कॉलेजच्या मुलामुलींची, त्यांच्या पालकांची आणि वसतिगृह सांभाळणाऱ्यांची आहेत. विषय एकच, फ्लू. मी बरीच वर्षं महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून काम करते. साथीच्या दिवसांत अंग आखडून बाकावर बसलेली मुलं रोज पाहते. त्यामुळे या खेपेला सदराची सगळी जागा याच विषयाला देते आहे.

काल संध्याकाळी अचानक थंडी वाजून ताप भरला. सगळं अंग ठणकतंय, कोरडा खोकला आहे. परवा प्रॅक्टिकलची परीक्षा आहे आणि हजेरी आधीच कमी आहे. तापाची गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं. गोळी घेऊन कॉलेजला गेले तर चालेल का?
— द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी

जाऊ नकोस.

तू जे लिहिलं आहेस ते फ्लूशी चांगलं जुळतं. साधी सर्दी सावकाश येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक वाहतं, आणि ताप आला तरी बेताचाच. फ्लूमध्ये माणूस दुपारपर्यंत ठणठणीत असतो आणि संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन दिवस लागतात, कधी एक, कधी चार. लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच आपण तो दुसऱ्याला देऊ लागतो, आणि आजारपणाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सगळ्यात जास्त देतो. तुझे आत्ताचे दिवस नेमके तेच आहेत.

तापाची गोळी फक्त ताप उतरवते. विषाणूवर तिचा काहीच परिणाम होत नाही. गोळी घेऊन तू प्रयोगशाळेत उभी राहिलीस तर कपाळ गार असेल, पण खोकल्यातून विषाणू तितकेच बाहेर पडत असतील. म्हणून मी एकच नियम सांगते: गोळी न घेता सलग २४ तास ताप आला नाही, की मग बाहेर पडायचं. त्यानंतरही काही दिवस वर्गात मास्क लाव. खोकला आणि थकवा पुढे दोन आठवडेसुद्धा रेंगाळू शकतो. तेवढ्यासाठी खोलीत बसून राहायची गरज नाही.

आता परीक्षेचं. हे पत्र मला लिहिण्याआधी विभागप्रमुखांना लिहायला हवं होतं. आजच लिही. ‘ताप आहे, संसर्गजन्य आजाराची शंका आहे, परवाच्या प्रॅक्टिकलला येऊ शकत नाही, दुसरी तारीख द्यावी’ एवढं पुरे. परीक्षा होऊन गेल्यावर दिलेल्या कारणापेक्षा आधी दिलेल्या सूचनेला वजन असतं. आरोग्य केंद्रात एकदा दाखवून ये, म्हणजे तिथेही नोंद राहील. जाताना मास्क लाव आणि दारातच सांग की ताप आहे.

औषधाबद्दल एक गोष्ट नीट वाच. मोठ्या माणसाने २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर घ्यायचं नसतं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही अगदी वरची हद्द. अंगाने किरकोळ असशील, नीट जेवत नसशील किंवा यकृताचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. अडचण अशी होते की सर्दीच्या मिश्र गोळ्यांत आणि गरम पाण्यात घालून प्यायच्या पुड्यांतही पॅरासिटामॉलच असतं. मुलं एकाच वेळी दोन-तीन प्रकार घेतात आणि बेरीज कुणीच करत नाही. पाकिटावरची घटकांची ओळ वाचल्याशिवाय दुसरी गोळी तोंडात टाकू नकोस. पाणी पीत राहा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

आमच्या खोलीत आम्ही तिघं. एकाला आजच डॉक्टरांनी फ्लू सांगितला. मला लहानपणापासून दमा आहे, रोज पंप घेतो. मी खोली सोडून मित्राकडे जाऊ का?
— वसतिगृहातला विद्यार्थी

तू आधी डॉक्टरकडे जा, आणि आजच जा. तुला अजून काही झालेलं नाही, तरीही. दमा असलेल्याला फ्लू झाला की श्वासनलिका एकदम आकसू शकतात आणि न्यूमोनियाचा धोकाही वाढतो. ओसेल्टामिविर नावाचं विषाणूविरोधी औषध आहे. ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं. निरोगी तरुणाचं आजारपण त्याने साधारण एका दिवसाने कमी होतं. तुझ्यासारख्याला मात्र त्याची गरज खूपच मोठी आहे. ज्यांना धोका जास्त आहे आणि ज्यांचा रुग्णाशी जवळून संबंध आला आहे, त्यांना कधी कधी आजार होण्याआधीच हे औषध देतात. ते द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांग: मला दमा आहे, रूममेटला फ्लू आहे, आणि त्याला अमुक दिवशी ताप आला. रोजचा पंप एक दिवसही चुकवू नकोस. झटक्याच्या वेळचा पंप खिशात ठेव आणि त्यात औषध शिल्लक आहे ना ते आजच बघ.

खोली बदलायची असेल तर बदल, पण एक लक्षात घे. आदल्या रात्री तुम्ही तिघं एकाच खोलीत झोपला होतात. विषाणू तुझ्या शरीरात आधीच शिरलेला असू शकतो. मित्राकडे गेलास तर पुढचे चार दिवस तिथेही मास्क लाव आणि सकाळ-संध्याकाळ ताप बघ. नाहीतर एका खोलीतली साथ तूच दुसऱ्या खोलीत पोहोचवशील. सगळ्यात बरं म्हणजे रेक्टरकडे वेगळी खोली मागणं. दम्याचं कारण ऐकून कुठलाही समंजस रेक्टर नाही म्हणणार नाही.

तिथेच राहावं लागलं तर पलंग शक्य तितके लांब सरकवा आणि एकाचं डोकं जिथे, तिथे दुसऱ्याचे पाय येतील असे झोपा. खिडकी उघडी ठेवा. थंडी असली तरी फटभर राहू द्या आणि दिवसातून काही वेळा खिडकी-दार दोन्ही उघडून हवा आरपार जाऊ द्या. आजारी मुलाने मास्क लावणं हे तू लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पेला, बाटली, टॉवेल, चार्जर, इअरफोन सगळं ज्याचं त्याचं. स्टील आणि प्लॅस्टिकवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. कापडावर आणि कागदावर त्याहून बराच कमी वेळ. म्हणून दाराची मूठ, विजेचं बटण आणि मोबाइलचा पडदा यांवरून रोज फडकं फिरव. साबणाने हात धुताना २० सेकंद मोजून धू. सॅनिटायझर असेल तर त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवं.

आणि त्या आजारी मुलाला एकटं टाकू नका. तू लांब राहा, तुला राहायलाच हवं. पण तिसऱ्या मित्राने मास्क लावून त्याच्या उशाशी पाणी ठेवावं आणि रात्री एकदा हाक मारून बघावी.

मी वसतिगृहाचा रेक्टर आहे. दोन दिवसांत अकरा मुलं तापाने पडली. संचालक म्हणतात, सगळीकडे फवारणी करून घ्या आणि आजारी मुलांना घरी पाठवा. तुमचा सल्ला?

दोन्ही सूचनांबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते तुम्ही संचालकांना दाखवलंत तर बरं होईल.

वसतिगृहात फ्लू किती वेगाने पसरतो याचं एक जुनं उदाहरण आहे. १९७८ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या मुलांच्या एका निवासी शाळेत साथ आली. शाळेत ७६३ मुलं होती. साधारण दोन आठवड्यांत त्यातली ५१२ अंथरुणाला खिळली. त्यांच्या संपर्कात सुमारे १३० मोठी माणसं होती, त्यातल्या एकालाच तशी लक्षणं दिसली. कारण ती साथ फ्लूच्या ज्या विषाणूची होती, तो एच१एन१ हा प्रकार १९५७ नंतर माणसांतून नाहीसा झाला होता आणि १९७७ मध्ये परत आला. मोठ्यांच्या शरीराला त्याची जुनी ओळख होती, मुलांना नव्हती. तुमच्याकडे दोन-तृतीयांश मुलं पडतीलच असं मी म्हणत नाही. पण एका छपराखाली जेवणारी, झोपणारी, एकाच न्हाणीघरात दात घासणारी तरुण मुलं ही साथीसाठी किती सोयीची जागा आहे, हे यातून कळतं. तुमच्या अकरांपैकी प्रत्येकाने गेल्या दोन-तीन दिवसांत कुणाला ना कुणाला विषाणू दिलेला असू शकतो. हातात वेळ थोडा आहे.

फवारणीचा खर्च करू नका. फ्लू मुख्यतः जवळच्या माणसाच्या खोकल्या-शिंकांतून आणि बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. भिंतींवर औषध मारून त्यात काही फरक पडत नाही. या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि ते साध्या साबणाने फुटतं. तोच पैसा प्रत्येक बेसिनवर साबण ठेवायला आणि तो संपला की लगेच भरायला माणूस नेमायला वापरा. मी पाहिलेल्या किती तरी वसतिगृहांत ‘हात धुवा’ ही पाटी चकचकीत असते आणि खाली साबणाची वडी नसते.

मुलांना घरी पाठवण्याबद्दल. तापातल्या मुलाला भरलेल्या बसमध्ये किंवा रेल्वेच्या डब्यात बसवणं म्हणजे साथ गावोगाव पाठवणं. घरी आजी-आजोबा असतील, तान्हं बाळ असेल, गरोदर बाई असेल. या सगळ्यांना फ्लू आपल्या मुलांपेक्षा जड जातो. घर जवळ असेल आणि पालक स्वतःच्या वाहनाने न्यायला आले तर जरूर जाऊ द्या. बाकीच्यांना तुमच्याकडेच ठेवा आणि नीट ठेवा.

त्यासाठी एका टोकाच्या दोन-चार खोल्या रिकाम्या करा. त्यांना जमलं तर न्हाणीघर वेगळं द्या. ज्यांचा फ्लू डॉक्टरांनी नक्की केला आहे, त्यांना एकत्र ठेवायला हरकत नाही. नुसता ताप असलेल्याला मात्र त्यांच्यात घालू नका, त्याचा आजार दुसराच असू शकतो. जेवण खोलीच्या दाराशी पोहोचवा. आजारी मुलगा ताट घ्यायला मेसच्या रांगेत उभा राहिला तर बाकी सगळी व्यवस्था फुकट जाते. जेवणाच्या वेळा दोन गटांत विभागा. सामाईक खोलीच्या खिडक्या उघडा. गाण्याचे, नाचाचे, वाढदिवसाचे घोळके आठवडाभर पुढे ढकला.

मास्कबद्दल विचारलं जाईलच. २००६-०७ च्या हिवाळ्यात मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहांत याचा अभ्यास झाला. हजाराहून जास्त विद्यार्थी त्यात होते. ज्यांनी मास्क वापरला आणि हातांची स्वच्छताही पाळली, त्यांच्यात चौथ्या ते सहाव्या आठवड्यांत फ्लूसारखा आजार ३५ ते ५१ टक्के कमी दिसला. नुसता मास्क वापरणाऱ्यांत तसा स्पष्ट फरक मिळाला नाही. म्हणून दोन्ही एकदम करा, आणि साथीच्या पहिल्याच दिवसापासून करा.

दमा, मधुमेह, हृदयाचे, मूत्रपिंडाचे आजार असलेल्या मुलांची यादी प्रवेशाच्या वेळीच तयार असायला हवी. ती कपाटात बंद ठेवा, सूचनाफलकावर लावू नका. या मुलांना आजच बोलावून सांगा की जराही कणकण वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

सगळ्यात जास्त कळकळीने सांगते ते हे. मुलं ताप लपवतात. रेक्टर ओरडतील, घरी कळवतील, खोलीबाहेर काढतील, परीक्षेला बसू देणार नाहीत, या भीतीने गोळ्या खातात आणि गप्प राहतात. ज्या वसतिगृहात ताप सांगितल्यावर बोलणी बसतात, तिथे साथ तुम्हाला चार दिवस उशिरा कळते. आज रात्री प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन सांगा की ताप सांगणाऱ्यावर कोणीही रागावणार नाही, त्याला जेवण खोलीत मिळेल आणि हजेरीचं तुम्ही बघाल. मग तो शब्द पाळा. आजारी खोल्यांत दिवसातून दोनदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा कुणीतरी डोकावून, बोलून यायला हवं. ताप मोजायला दोन-तीन तापमापक घ्या आणि ते दर वेळी पुसून वापरा.

मुलगी शिकायला दूर आहे. फोनवर ‘ताप आहे, बरी आहे, काळजी नको’ म्हणते. मैत्रिणीने तिला अँटिबायोटिक आणून दिलंय. मी काय विचारू, कशावरून ओळखू?
— एक आई

ताई, ते अँटिबायोटिक तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नको म्हणून सांगा. ही औषधं जिवाणूंवर चालतात, फ्लू विषाणूमुळे होतो. उगाच घेतली तर पोट बिघडतं, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा ती चालेनाशी होऊ शकतात. ॲस्पिरिनही नको. १९ वर्षांखालच्या मुलांत फ्लूच्या तापात ॲस्पिरिन दिल्यास राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. ती राहते तिथे डेंगीचे रुग्ण असतील तर आयबुप्रोफेनही टाळायचं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल पुरेसं आहे.

‘कशी आहेस’ असं विचारलं की ‘बरी आहे’ हेच उत्तर येणार. नेमकं विचारा. आत्ता ताप किती आहे, मोजलास का? सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस? जिना चढताना धाप लागते का? एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं का? ते तर तुम्हाला फोनवरच ऐकू येईल. शक्य असेल तर व्हिडिओवर चेहरा बघा.

बसल्याजागी दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, असंबद्ध बोलणं, हाक मारूनही जागं न होणं, झटका येणं, आठ-दहा तास लघवी न होणं, यातलं एकही असेल तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. अजून एक खूण पालकांच्या हातून सुटते. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा जोरात ताप येतो, खोकला वाढतो. ही न्यूमोनियाची सुरुवात असू शकते.

फ्लूसारखाच सुरू होणारा एक आजार वसतिगृहातल्या तरुणांत दिसतो, तो म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जिवाणूंमुळे होणारा दाह, मेनिन्जायटिस. पहिले काही तास ताप, अंगदुखी, उलटी, अगदी फ्लूच वाटावा असं. मग डोकं असह्य दुखतं, मान ताठरते, उजेड सहन होत नाही. अंगावर लाल-जांभळे डाग आले असतील तर त्यांवर काचेचा पेला दाबून बघायला सांगा. दाबूनही ते फिके पडले नाहीत तर तो क्षण रुग्णवाहिका बोलावण्याचा आहे. डाग नसले तरी मान ताठ असेल तर तसंच करायचं. या आजारात काही तासांत प्रकृती ढासळते. तिच्या रूममेटचा आणि रेक्टरचा फोन नंबर तुमच्याकडे आहे ना, तो आजच बघून ठेवा.

मागच्या वर्षी लस घेतली, तरी या वर्षी फ्लू झाला. मग लस घ्यायची कशाला?
— पदव्युत्तर विद्यार्थी

मागच्या वर्षीची लस या वर्षी फारशी कामाची नसते, दोन कारणांनी. शरीरातलं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं आणि विषाणूही आपलं रूप थोडं थोडं बदलत राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळी, लसीत कोणते प्रकार असावेत हे सुचवते. लस आणि फिरणारा विषाणू चांगले जुळले तर फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टळते. शंभर टक्के नाही. पण लस घेऊनही फ्लू झाला तर तो सहसा रुग्णालयापर्यंत नेत नाही, आणि माझ्या दृष्टीने हे मोठं काम आहे. टोचून घ्यायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही. हात दुखतो, एखादा दिवस कसर वाटते, इतकंच.

संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून साथ येण्याआधी घे. आणि त्या आठवड्यात झोप पुरी कर. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रोज चारच तास झोपू दिलेल्या तरुणांच्या रक्तात लसीनंतर दहा दिवसांनी विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नेहमीसारखं झोपणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी आढळली होती. परीक्षेच्या जागरणांच्या मध्येच लस उरकून घेणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय गैरहजेरी माफ करायची नाही, असा आमच्या विभागाचा नियम आहे. नाहीतर मुलं सवलतीचा गैरफायदा घेतात. तुमचं मत?
— एक प्राध्यापक

सर, थोडी मुलं गैरफायदा घेतील, हे मला मान्य आहे. पण या नियमाचा खर्च कुठे पडतो ते मी रोज बघते. विशीतल्या निरोगी मुलाला फ्लू झाला तर त्याला विश्रांती, पाणी आणि तापाची गोळी एवढंच लागतं. प्रमाणपत्रासाठी तो तापात उठतो, येतो आणि माझ्या बाकावर तासभर खोकत बसतो. शेजारी गरोदर प्राध्यापिका असते, मधुमेही शिपाई असतो. जो उठू शकत नाही तो गोळी खाऊन तुमच्या वर्गात बसतो, कारण ते प्रमाणपत्र मिळवण्यापेक्षा सोपं असतं. मग पुढच्या आठवड्यात तुमचा अर्धा वर्ग रिकामा, आणि कधी कधी तुम्हीही घरी.

तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांसाठी मुलाने स्वतः लिहून दिलेली सूचना ग्राह्य धरा. सत्रात एकदा किंवा दोनदा, अशी मर्यादा घाला. त्याहून लांबलेल्या आजारपणाला प्रमाणपत्र जरूर मागा, तेव्हा त्याने डॉक्टरकडे जायलाच हवं. चाचणीची एक जादा तारीख सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करा, म्हणजे कुणाला हातापाया पडावं लागणार नाही. व्याख्यानाच्या नोंदी विभागाच्या संकेतस्थळावर टाका. आणि तुम्हाला ताप आला तर तुम्हीही वर्ग घेऊ नका. खोकत शिकवणाऱ्या शिक्षकाकडे बघून मुलं घरी राहायला शिकणार नाहीत.

मी कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे. ताप कालच गेला, शनिवारी सामना आहे. खेळू का?

शनिवारी नाही. फ्लूच्या विषाणूने क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ताप जाऊन दोन-तीन दिवस झाले, जेवण नीट जायला लागलं आणि जिना सहज चढता आला, की आधी चाल, दुसऱ्या दिवशी हळू धाव, मग चेंडूचा सराव, असं आठवडाभरात वाढव. धावताना छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांब आणि त्याच दिवशी हृदयाचा आलेख (ईसीजी) काढून घे. प्रशिक्षकांना हे उत्तर दाखव आणि पाण्याची बाटली स्वतःची वेगळी ने.